पाणी कोण भरत होतं

गेल्या वर्षी आगमनकाळ सुरू झाला आणि मला ते कळलंच नाही.

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. माहेरी आम्ही तो पाळत होतो, लग्न होऊन कारंज्याला आले तर सासरीही तीच रीत. दर रविवारी एक मेणबत्ती वाढायची. पहिली आशेची, दुसरी शांतीची, तिसरी आनंदाची, चौथी प्रीतीची. आमच्या घरी हे काम नवऱ्याचं असायचं. मुलीच्या लहानपणच्या तीनचाकी सायकलची एक रिंग त्यांनी जपून ठेवली होती. अंगणातल्या मोरपंखीच्या डहाळ्या तोडून ते त्या रिंगेला सुतळीनं बांधायचे आणि मधे चार मेणबत्त्या उभ्या करायचे.

ऑगस्टमध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पोस्टातून निवृत्त होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. अकोल्याच्या दवाखान्यातून तीन आठवड्यांनी घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, सुधारणा होईल, पण हळूहळू. दर दोन तासांनी कूस बदला, व्यायाम करवून घ्या, पाठीला जखम होऊ देऊ नका. मी मान डोलावली. दर दोन तासांनी म्हणजे काय, ते घरी आल्यावर समजलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा मानोऱ्याच्या रस्त्यावर, एसटीनं पाऊण तास. दिवसा त्यांच्याजवळ बसायला एक बाई ठेवली होती. ती दहाला यायची, मी साडेपाचला परतायचे. त्यानंतर आणि त्याआधी सगळं माझं. पेज भरवणं, अंग पुसणं, चादरी धुणं. चादरी फार निघायच्या. थंडीत त्या वाळायच्या नाहीत, म्हणून खुर्च्यांवर, दारावर, खिडकीच्या गजांवर सगळीकडे ओल्या चादरी. एकुलती एक मुलगी पुण्याला नर्स आहे. ती रोज व्हिडिओ कॉल करायची, आणि मी रोज तिला सांगायचे की सगळं ठीक आहे.

तर त्या पहिल्या रविवारी सकाळपासून नवरा डाव्या हातानं कपाटाच्या वरच्या फळीकडे बोट दाखवत होता. मी पांघरूण काढून दिलं. ते नको होतं. जुना रेडिओ दिला. नको. मग त्यांनी हात गादीवर आपटायला सुरुवात केली.

"काय पाहिजे ते सांगा तरी," मी ओरडले.

सांगता येत असतं तर त्यांनी सांगितलंच असतं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग तोंड भिंतीकडे फिरवलं. दुपारी वाशीमच्या चर्चमधल्या आमच्या पाळकांचा मंडळीच्या ग्रुपवर संदेश आला, आगमनकाळाच्या शुभेच्छांचा. तेव्हा मला फळीवरची रिंग आठवली. स्टुलावर चढून मी ती काढली. गंजली होती. त्यांना दाखवली तर त्यांचे डोळे भरून आले. मी म्हटलं, "उद्या करू." आणि रिंग पलंगाखाली सरकवून चादरी भिजवायला गेले. उद्या काही केलं नाही. पुढच्या रविवारी एका ताटलीत दोन मेणबत्त्या उभ्या केल्या, पांढऱ्या, किराणा दुकानातल्या, आणि उभ्या उभ्या प्रार्थना म्हटली. मनात त्याच वेळी गॅसवर ठेवलेल्या दुधाचा हिशेब चालू होता.

इथे एक गोष्ट लिहून टाकते, कारण ती लिहिली नाही तर बाकीचं खोटं वाटेल. त्या आठवड्यात एका पहाटे त्यांची कूस बदलताना माझ्या कमरेत चमक भरली आणि मी तिथेच पलंगाला धरून उभी राहिले. तेव्हा माझ्या मनात आलं की ऑगस्टमध्येच हे सगळं संपलं असतं तर बरं झालं असतं. त्यांच्यासाठी नव्हे. माझ्यासाठी. दोन क्षण आलं आणि गेलं. पण ते विसरता येईना. शाळेत पाढे म्हणवून घेताना, एसटीत खिडकीशी बसल्यावर, ते पुन्हा समोर येऊन उभं राहायचं.

आणि त्यानंतर येणारा रविवार आनंदाचा होता.

कारंज्यात आमची ख्रिस्ती घरं मोजकी, पाच-सहा. वाशीमला उपासनेला दर रविवारी जाणं होत नाही, म्हणून आम्ही बायका आळीपाळीनं एकमेकींच्या घरी प्रार्थनेला जमतो. ही पाळी जूनमध्येच लागलेली होती: तिसरा रविवार, माझं घर, दुपारी चार वाजता. मी नाही म्हणू शकले असते. सगळ्यांनी समजूनही घेतलं असतं. पण नाही म्हणायला फोन करावा लागला असता, कारण सांगावं लागलं असतं, आणि तेवढंही बोलायचं त्राण नव्हतं. त्यातच शुक्रवारी दिवसाची बाई म्हणाली की तिला आठ दिवस कापूस वेचायला जायचं आहे, शेतमालक बोलावून राहिला. मी शाळेत रजेचा अर्ज टाकला.

रविवारी सकाळी मी चिवडा केला. घर झाडलं, ओल्या चादरी मागच्या खोलीत नेल्या, शेजारून चार खुर्च्या आणल्या. ताटलीत तीन मेणबत्त्या लावायला ठेवल्या. नवऱ्याला स्वच्छ शर्ट घातला. एका बाजूनं लुळ्या पडलेल्या माणसाला शर्ट घालायला किती वेळ लागतो ते ज्यांनी घातला आहे त्यांनाच माहीत.

साडेतीनला पहिला फोन आला. एका घरी दोघांना ताप. मग दुसरा, त्या अमरावतीला लग्नाला गेल्या होत्या, विसरल्याच होत्या की आज माझ्याकडे आहे. शिरपूरला बदली झालेल्या मंडळीतल्या एक बहीण तिथून यायच्या होत्या, त्यांची बस चुकली. सव्वाचार झाले, साडेचार झाले. कोणी आलं नाही.

पहिल्यांदा मला बरं वाटलं. आता कुणाला चहा करायचा नाही. मग मी स्वयंपाकघरात चिवड्याचा डबा बंद करायला गेले आणि झाकण लागेना. ते झाकण वाकडं बसत होतं. मी तिथेच ओट्याला टेकून रडायला लागले, आवाज न करता, कारण बाहेर त्यांना ऐकू गेलं असतं.

"बाई, हायेस का घरात?"

मागच्या दारी भाजीवाली मावशी उभी होती. गावाच्या कडेला तिच्या घरच्यांची भाजीची वाडी आहे. मेथी, वांगी, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, पालक. सत्तरीच्या पुढची असेल. सकाळी टोपलं घेऊन दारोदार फिरते, आणि उरलं तर संध्याकाळी आमच्या गल्लीतून घरी जाते. मी पूर्वी कारंज्यातल्या शाळेत होते तेव्हा तिची दोन्ही नातवंडं माझ्या हाताखालून गेली, त्यामुळे ती मला बाई म्हणते, आणि वयानं मोठी म्हणून तूही म्हणते. तिनं माझं तोंड पाहिलं. टोपलं खाली ठेवलं, आत आली, खुर्च्या पाहिल्या, ताटली पाहिली.

"कोण येऊन राह्यलं?"

"येणार होते. कोणी येत नाहीये."

"कायले येणार होते?"

"प्रार्थना होती, मावशी. शास्त्रातलं वाचतो, गाणं म्हणतो."

"मंग वाच नं. मी बसतो."

ती खुर्चीवर बसली नाही. पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर मांडी घालून बसली. मला वाटलं, चला, दहा मिनिटांत उरकू. तीन मेणबत्त्या पेटवल्या आणि त्या दिवसासाठी नेमलेला भाग वाचला. प्रभूची आई, तेव्हा ती कोवळी पोरगी, पोटात बाळ घेऊन डोंगरातल्या गावी आपल्या एका नातलग बाईला भेटायला जाते. ती नातलग म्हातारी, जन्मभर मूल नाही, आणि आता तीही गरोदर. पोरगी दारातून हाक मारते आणि म्हातारीच्या पोटातलं बाळ आनंदानं उडी मारतं. पोरगी तिथे तीनेक महिने राहते आणि मग घरी परत जाते. मी लहानपणापासून हे शंभर वेळा वाचलं, ऐकलं आहे. वाचून झालं, मी डोळे मिटून प्रार्थना सुरू करणार, तर मावशी म्हणाली,

"त्या बुडीले कितवा महिना होता?"

"सहावा."

"अन् ही पोट्टी तीन महिने राह्यली. म्हंजे बाळंतपणालेच गेली होती ते. कामाले."

मी म्हटलं, "तसं लिहिलेलं नाही, मावशी."

"लिहीन कायले? ते तं समजतेच. बुडी बाई, सहावा महिना, डोंगरातलं गाव. मंग पाणी कोण भरत होतं?"

खरंच कोण भरत होतं?

"घरचा माणूस काय करत होता तिचा?" तिनं विचारलं.

तेव्हा मला त्या घरातली दुसरी गोष्ट सांगावी लागली, जी मी त्या दिवशी वाचली नव्हती. म्हातारीचा नवराही म्हातारा होता. मूल होणार असा निरोप देवदूतानं आणला तेव्हा त्याला तो खरा वाटला नाही, म्हणून त्याची वाचा गेली. मूल जन्मेपर्यंत तो मुकाच राहिला. पाटीवर लिहून दाखवायचा.

मावशीनं वळून पलंगाकडे पाहिलं. माझा नवरा तिच्याकडे बघत होता.

"मुकाही होता," ती म्हणाली. "पोटुशी बुडी अन् मुका बुडा. मंग त्या पोट्टीले लयच काम पडलं असन."

पलंगावरून एक आवाज आला. मला वाटलं त्यांना ठसका लागला. मी धावले. ठसका नव्हता. ते हसत होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, लाळ गळत होती, आणि ते हसत होते. ऑगस्टपासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मला हसू आलं, मग मावशीला. तिला वाटलं आपण काही चुकीचं बोललो, म्हणून ती पदर तोंडाला लावून हसत होती. आम्ही तिघं किती वेळ हसलो कोण जाणे. प्रार्थना राहूनच गेली.

मग मावशीनं विचारलं, "तुये कोणी येते का कामाले?"

मी सांगितलं, दिवसाची बाई कापसाला गेली आहे. मुलगी नाताळला येऊ शकत नाही, तिची ड्युटी आहे. आणि एकदा बोलायला लागले तर पुढचंही सांगून बसले. कमरेत चमक भरली त्या पहाटेचं. नवऱ्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, स्वयंपाकघरात, चहा ठेवता ठेवता. मावशीनं ऐकून घेतलं.

"मायी सासू चार वर्सं पडून होती," ती म्हणाली. "मले तं रोज वाटे तसं. वाटते ते. अन् तू असं काहून उचलतेस त्याले? एकटीनं कोणी उचलते का?"

तिनं मला दाखवलं. अंगाखाली एक आडवी चादर घालायची, आणि कूस बदलायची तेव्हा माणसाला नाही, चादरीला धरून ओढायचं. दवाखान्यात कुणी दाखवलंही असेल, माझं लक्ष नसेल. आम्ही दोघींनी मिळून केलं, मग मी एकटीनं करून पाहिलं. कमर दुखली नाही.

"आता तू नीज," ती म्हणाली.

"आत्ता?"

"मी हावो नं."

मी मागच्या खोलीत वाळत टांगलेल्या ओल्या चादरींखाली आडवी झाले. पाच मिनिटं म्हणून. उठले तेव्हा बाहेर दिवे लागले होते. पुढच्या खोलीतून बारीक करकर आवाज येत होता. मी दारात येऊन थांबले. मावशी जमिनीवर बसली होती, समोर मेथीची जुडी सोडलेली. नवऱ्याला तिनं उशांना टेकवून बसवलं होतं, त्यांच्या मांडीवर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर मेथी. ते डाव्या हातानं एक एक पान खुडत होते. देठ जास्त जात होते, पानं चुरगळत होती. पण चेहऱ्यावर ते भाव होते जे पोस्टात टपाल लावताना असायचे, सगळं लक्ष हातात.

मी दारातच उभी राहिले. आनंद हा शब्द मी इतक्या वर्षांत प्रार्थनेत किती वेळा म्हटला असेल. मला नेहमी वाटायचं की तो येतो तेव्हा माणूस हलका होतो. तसं काही झालं नाही. पाय तसेच जड होते, डोकं झोपेनं भरलेलं होतं. पण छातीत काहीतरी हललं, एकदाच, आतून कुणी ढोसावं तसं. मला मुलीच्या वेळचे दिवस आठवले, पाचव्या महिन्यात एसटीत बसलेली असताना पोर पहिल्यांदा हललं होतं तो क्षण. तेव्हाही मी थकलेलीच होते.

"उठली का?" मावशी म्हणाली. "याले काम देत जाय. नुसता काय पडून राह्यते माणूस?"

त्या आठ दिवसांत ती रोज दुपारी भाजी विकून झाली की येत होती. तासभर बसायची, मी झोपायचे. चौथ्या रविवारी सुनेलाही घेऊन आली. सून दारात संकोचून उभी, हातात पेरू. मावशी म्हणाली, "हिलेही सांग त्या बुडीचं पुढं काय झालं ते. मले नीट सांगता आलं नाई." मी चौथी मेणबत्ती लावली आणि सांगायला बसले.