रस्त्याकडची खोली

गावात सख्खी बहीण असताना हॉटेलात उतरणारी बाई मी आजवर पाहिली नव्हती. ती माझीच ताई निघाली.

फोनवर म्हणाली, "राजकोटला लेकीकडे निघालेय. पुण्याची गाडी संध्याकाळी बडोद्याला सोडते, पुढची सकाळी आहे. मधल्या एका रात्रीसाठी स्टेशनाजवळ हॉटेल बघ. आणि हे बघ, रात्री माणसांची जाग असेल, ये-जा असेल, असं ठिकाण बघ."

मी पोळ्या लाटत होते. लाटणं तिथेच ठेवलं. "का? माझ्या घराला काय धाड भरलीय?"

"तुझं घर छान आहे. पण हॉटेलच बघ. आणि तूही ये माझ्याबरोबर राहायला."

आई-वडील गेल्यापासून ताईचं माहेर म्हणजे बडोद्यात गोरव्यातलं आमचं घर. ते सोडून ही हॉटेलात राहणार म्हटल्यावर लोक काय म्हणतील, हे माझ्या डोक्यात आलंच. नाही कशाला म्हणू? पण खरी काळजी वेगळी होती. भाऊजी जाऊन वर्ष होत आलं होतं. ताई पुण्याला मुलाकडे राहायला गेली आणि तेव्हापासून तिची झोप उडाली होती. भाचा सांगायचा, "मावशी, आई रात्रभर घरात फिरते." गोळ्या झाल्या, जायफळ घातलेलं दूध झालं, तळपायांना तूप चोळून झालं. काही उपयोग नाही. व्हिडिओ कॉलवर तिचा चेहरा बघितला की मला रडू यायचं. माणसानं न झोपता किती दिवस काढायचे?

तिला एक रात्र तरी नीट झोप लागावी, एवढंच माझ्या मनात होतं. आमची गल्ली त्यासाठी उत्तम. रात्री दहानंतर तिथे कुत्रीसुद्धा भुंकायला लाजतात. आणि हिला म्हणे जाग हवी! भाच्याला फोन केला तर तो हसायलाच लागला. "मावशी, आईला नाइटलाइफ हवंय."

आमच्या घरातून त्यावर लगेच उत्तर आलं. पेपरातून डोकंही वर न काढता हे म्हणाले, "गुजरातमध्ये कसलं नाइटलाइफ? सेव-उसळ संपायच्या आत पोचलो, झालं आपलं नाइटलाइफ."

ह्यांना स्कूटर काढायला लावली आणि आम्ही स्टेशनाजवळचं सयाजीगंज गाठलं. पहिल्या हॉटेलातल्या चादरींना ओलसर वास. दुसऱ्याच्या तळघरात लग्नाचा हॉल, तिथल्या डीजेनं कुंभकर्णही उठून बसला असता. तिसरं बरं वाटलं. मी गादी दाबून बघितली, उशीचा वास घेतला, सगळे नळ सोडून बघितले. हे दारात उभे राहून म्हणाले, "एक रात्र राहायचंय. सोयरीक नाही जुळवायची."

मॅनेजर भला माणूस होता. "बेन, पाछळनी रूम लो. एकदम शांति," म्हणाला. मागची खोली बघितली. खिडकीबाहेर कडुनिंब आणि पाण्याची टाकी, बाकी चिटपाखरू नाही. मी तीच पक्की केली. ताईला जाग हवी ना? ती हॉटेलाच्या पुढच्या अंगाला भरपूर होती. झोपायचं मागच्या अंगाला. आपलं डोकं काही कमी चालत नाही, असं मनाशी म्हणत मी घरी आले.

ताई गाडीतून उतरली तेव्हा हातातली पिशवी तिच्यापेक्षा जड वाटत होती. सामान खोलीत टाकून आम्ही दोघी खाली सेव-उसळ खायला गेलो. भोवती होस्टेलच्या पोरापोरींची ही गर्दी. ताईनं वरून तर्री मागून घेतली, नाक पुसत पुसत खाल्लं आणि आणखी एक पाव मागितला. मला इतका आनंद झाला की मी माझाही तिच्या ताटलीत ठेवला. मग आइस्क्रीम खाल्लं, उगाच फिरलो. रिक्षावाल्यांची भांडणं ऐकत ती फुटपाथवर कितीतरी वेळ उभी राहिली. मीच तिला ओढून वर आणलं.

खोलीत आल्यावर मी खिडकी लावली, पडदा ओढला आणि ऐटीत म्हटलं, "ऐक. काही ऐकू येतंय?"

"नाही."

"बघ! खास तुझ्यासाठी शोधलीय."

ताई पलंगाच्या कडेला बसली. चपलाही काढल्या नाहीत तिनं. "हेच तर नको होतं गं मला."

माझा पारा चढला. "मग आधी सांगायचं ना!"

"सांगितलं होतं की. तू ऐकलंस कुठे?"

मग तिनं हळूहळू सांगितलं. धुळ्याला एसटी स्टँडसमोर त्यांचं फराळाचं दुकान होतं आणि वर घर. सगळा संसार तिथेच झाला. "मी वर आडवी व्हायचे, तेव्हा हे खाली भांडी आवरत असायचे. बाहेर कंडक्टर नाशिक, नाशिक ओरडायचा. वाटायचं, खाली कोणीतरी जागं आहे, आता मी झोपले तरी चालेल. मुलाकडे अठराव्या मजल्यावर दार लावलं की काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मग मलाच जागावं लागतं."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिचा हात धरून रडले, चांगली हुंदके देऊन.

तीच माझी पाठ थोपटत म्हणाली, "तुझ्याकडे आले असते, तर तुम्ही सगळे माझ्यासाठी टीव्ही बंद करून कुजबुजत बसला असतात."

बसलोच असतो! मी डोळे पुसले आणि खाली गेले. रस्त्याकडची खोली मागितली तर मॅनेजर माझ्याकडे बघतच राहिला. "बेन, त्यां तो बहु अवाज छे."

"असू दे. जितका असेल तितका बरा."

नव्या खोलीत मी खिडकी सताड उघडली. खाली आम्लेटच्या गाडीवर कालथा आपटत होता, रिक्षावाले गिऱ्हाइकांना हाका मारत होते. एका स्कूटरच्या सीटवर केक ठेवून पोरं कोणाचा तरी वाढदिवस करत होती. ताई आडवी झाली आणि म्हणाली, "काय चाललंय बघून सांग ना." मी खिडकीतून सांगत राहिले. केक कापला, अर्धा त्याच्याच तोंडाला फासला, आता तो रुमाल शोधतोय. मागून हूं नाही की चूं नाही. वळून बघितलं तर ताई झोपलेली. तोंड जरासं उघडं, हात उशीखाली, लहानपणी झोपायची अगदी तशी.

माझ्या डोळ्याला मात्र डोळा लागला नाही. एका रिक्षानं असा भोंगा वाजवला की मी तावातावानं खिडकी लावायला उठले. कडीला हात घातला आणि तिच्याकडे बघितलं. ती हललीसुद्धा नव्हती. मी कडी सोडली. म्हटलं, वाजवा मेल्यांनो, खुशाल वाजवा.

सकाळी चहा आला तरी ती उठेना. गाडीची वेळ होत आली, तेव्हा मीच हलवून जागं केलं. तिनं कितीतरी दिवसांनी असा भरपूर आळस दिला. चहाचा कप हातात घेतला, खिडकीबाहेर बघितलं.

"चांगलं हॉटेल शोधलंस गं," ती म्हणाली. "किती शांत आहे."

"हो बाई," मी म्हटलं. "अख्खं सयाजीगंज पालथं घातलं, तेव्हा मिळालं."