लांबीचा वास

ग्लेझ! या इंग्रजी क्रियापदाची मला आजही किळस येते. बिचाऱ्या क्रियापदाचा काय दोष म्हणा. किळस माझीच आहे.

सत्तरच्या दशकात राजारामपुरीतल्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवायला लागले होते. नोकरी कायम व्हायची होती आणि तपासणीला साहेब येणार होते. एरवी बाकांवर पाऊस पडला तरी ढिम्म न हलणाऱ्या मुख्याध्यापकांनी लगेच फुटक्या काचा बदलायला माणूस बोलावला. तो माणूस म्हणजे माझे वडील, आबा. गावभर काचा बसवून त्यांनी मला बीए, बीएड केलं. शाळेत हे कुणाला ठाऊक नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं.

साहेब वर्गात आले तेव्हा आबा बाहेरून शेवटच्या काचेला लांबी लावत होते. खडूची पूड जवसाच्या तेलात मळून केलेला तो लगदा अंगठ्यानं कडेकडेनं दाबत होते. साहेबांनी तिकडं बोट दाखवलं. "हे काच बसवणं, याला इंग्रजीत काय म्हणतात?"

विचारलं होतं पोरांना, पण मीच सुटले. "ग्लेझ. ग्लास म्हणजे काच, त्या नामापासूनच झालेलं क्रियापद. फार पूर्वी ग्लासन म्हणायचे."

"व्वा, बाई!" साहेब म्हणाले. मी फुगले. मग त्यांनी नाकाला रुमाल लावला. "शी! काय वास मारतोय. घालवा हो त्या माणसाला."

मुख्याध्यापक माझ्याकडं बघायला लागले. मी खिडकीशी गेले आणि बापाकडं न बघता म्हणाले, "ओ पावणं, जरा तिकडं व्हा की."

पावणं! वाटेवरच्या परक्याला म्हणतात तसं, जन्मदात्या बापाला!

आबांनी काचेवरचा अंगठा काढला. "व्हय, बाई," म्हणाले आणि डबा उचलून निघून गेले. मी फळ्याकडं वळून ग्लेझचं वाक्य लिहिलं, तेही वळणदार अक्षरात. थू माझ्या जिण्यावर!

संध्याकाळी घरी आले तर आबा मोरीत बसून दगडानं हात घासत होते. बोटं लालबुंद झालेली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"साहेब खूश झालं न्हवं? आता कायम करतील की तुला."

मी ताटं वाढली. जेवताना त्यांनी आपलं ताट माझ्यापासून लांब, दाराशी ओढून घेतलं.

"आबा, तिकडं का बसलाय?"

"वास अजून गेला न्हाय गं हाताचा."