गावचा कचरा आणि जिनचा बॉयलर

प्रेशरचा काटा खाली येत होता. आमचा आगवाला हुसेनखाँ फावड्यामागून फावडं भट्टीत ढकलत होता आणि भट्टीच्या तोंडातून जाळाऐवजी पिवळट धूर बाहेर येत होता. माझ्या मागे दोघे उभे होते. एक जिनचे मालक रतनलाल शेठ. दुसरे गावच्या म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष. त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणत. दोघांच्याही नाकाला रुमाल होता.

"अजून टाका," वकीलसाहेब म्हणाले. "विलायतेत यावर वीज तयार करतात."

"विलायतेतला कचरा मी पाहिलेला नाही," मी म्हणालो. "हा आपल्या गावचा आहे."

दुसऱ्या महायुद्धाची ती वर्षं. कोळशाच्या रेल्वे-वाघिणी आधी लष्कराकडे जायच्या आणि उरलंसुरलं आमच्याकडे यायचं. मी कारंज्याच्या बाजूला एका बाजारगावात जिनिंग फॅक्टरीचा इंजिनिअर होतो. गावाचं नाव लिहीत नाही; या सगळ्यांची नातवंडं अजून तिथेच राहतात. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र, आणि अशा यंत्रांच्या कारखान्यालाही जिनच म्हणतात. बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होते, वाफेवर इंजिन फिरतं आणि इंजिनावर सगळे जिन चालतात. जाळ मंदावला की वाफ पडते, आणि वाफ पडली की कारखाना उभा राहतो.

गावचा कचरा तेव्हा बाजारामागच्या नाल्यात पडायचा. पावसाळ्यात तो वाहून खालच्या विहिरींपर्यंत जायचा. वकीलसाहेबांना त्याचा खरोखर त्रास होत होता, हे मी मान्य करतो. त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं, की कचरा जाळून इंजिनं चालवता येतात. शेठना कोळसा हवा होता. दोघांचं एका बैठकीत जमलं. मला फक्त ऑर्डर मिळाली.

मी आधीच सांगितलं होतं, "शेठ, या गावात जे जळण्यासारखं आहे ते घरची बाई चुलीतच जाळते. कापसाची पऱ्हाटी, गोवऱ्या, काटक्या, सगळं. दाराबाहेर येते ती राख, माती आणि ओली सालं. एकदा जळलेलं परत कसं जाळू?"

"करून तर पाहा," शेठ म्हणाले.

करून पाहिलं. भट्टीच्या तळाला लोखंडी जाळी असते. तिच्या फटींतून हवा वर येते म्हणून जाळ धरतो. राख आणि माती तापून वितळली आणि त्या फटींत दगडासारखा खंगर होऊन बसली. हवा बंद झाली. त्या दिवशी दुपारपर्यंत हुसेनखाँ आणि मी पहारीने खंगर फोडत बसलो.

मला वाटलं, प्रकरण संपलं. पण वकीलसाहेब सोडणारे नव्हते. त्यांनी झाडूवाल्यांकडून कचरा चाळून घेतला. राख, माती आणि ओला माल आमच्या अंगणात कुंपणाशी एका बाजूला टाकला. बाजारातल्या पत्रावळी, पाचोळा, चिंध्या, कागद तेवढा कडक उन्हात वाळवून भट्टीपाशी आणला.

तो मात्र भडकून पेटला. काटा वर चढला. जिन धडधडू लागले. वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"आता काय म्हणता, इंजिनिअरसाहेब?"

"पेटतोय," मी म्हणालो. काटा डोळ्यांसमोर होता, खोटं कशाला बोलू?

पण कोळसा जड असतो, तो जाळीवर बसून जळतो. पत्रावळ हलकी. धुराड्याची ओढ तिला जळती उचलते आणि वर नेते. हे माझ्या लक्षात आलं आणि मी बाहेर धावलो. अंगणात कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, ओळीने उभ्या होत्या. बाजूला मोकळ्या कापसाचे ढीग, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच. धुराड्यातून लाल कडांची पानं तरंगत खाली येत होती.

इंझोरीचे शेतकरी गुलाबराव आपल्या बंडीवर उभे होते. एक पान त्यांच्या कापसावर पडलं आणि धूर निघाला. त्यांनी घोंगडं टाकलं आणि त्यावर आडवे झाले. विझलं, पण हात भाजला. पलीकडे दुसरं पान ढिगापासून हातभर अंतरावर पडलं. ते मी बुटाने चिरडलं.

मी परत भट्टीपाशी गेलो. "हुसेनखाँ, जाळ ओढ."

जाळ ओढणे म्हणजे पेटलेलं सगळं आकड्याने बाहेर खेचून पाणी मारणे. हुसेनखाँने शेठकडे पाहिलं. शेठनी मान हलवली, नको म्हणून. मग आकडा मी हातात घेतला आणि ओढला. पाणी मारलं. भोंगा वाजवला. जिन एकामागून एक गप्प झाले.

शेठ पुढे आले. "मी ऑर्डर दिली नव्हती."

"मी दिली."

"कारखाना माझा आहे."

"कारखाना तुमचा. जाळ माझ्या ताब्यात. बॉयलर चालवायचं सर्टिफिकेट माझ्या नावाचं आहे."

वकीलसाहेब मध्ये पडले. "धुराड्यावर तारेची जाळी बसवा. ठिणग्या अडतील."

सूचना मूर्खपणाची नव्हती. मी म्हणालो, "जाळी राखेने बुजते का, ते बघावं लागेल. हंगाम संपल्यावर रिकाम्या अंगणात बघू. कापूस समोर असताना नाही."

"कोळसा येईपर्यंत काय करू?" शेठनी विचारलं.

"बाभळीची लाकडं मागवा. तोवर बंद ठेवा."

"मग तुम्ही घरी जा."

"जातो. पण सर्टिफिकेट असलेला माणूस आल्याशिवाय भट्टीला काडी लावलीत, तर बॉयलर इन्स्पेक्टरला तार मी करीन."

फाटकाबाहेर जिनवर काम करणाऱ्या बाया बसल्या होत्या. भोंगा वाजला म्हणजे रोज बुडाला, हे त्यांना कळत होतं. त्यांतली गंगूबाई उठून आडवी आली.

"साहेब, तुमचं खरं असन. पण आमच्या घरी चूल कशी पेटन?"

"बाई, ढीग पेटला असता तर तुम्ही आतच होता."

"पेटला नाई ना," ती म्हणाली.

मी तिला वळसा घालून कुंपणाच्या कडेने निघालो.

आत गुलाबराव भाजलेल्या हाताला फडकं गुंडाळून कुंपणाशी उभे होते. चाळून बाजूला टाकलेल्या राखमातीचा ढीग ते पायाने उकरत होते. वकीलसाहेब घोड्याच्या टांग्याकडे निघाले होते, त्यांना गुलाबरावांनी थांबवलं.

"वकीलसाहेब, हे कोनाचं हाय?"

"म्युनिसिपालिटीचं."

"फेकून देऊन राह्यले का?"

"दुसरं काय करणार?"

"मंग मले द्या. राख हाय, शेन हाय. वावरात टाकतो. बंडी तशीबी रिकामीच चालली."

त्यांनी कापूस उतरवला, ढीग भरला आणि गेले. आठवड्याने परत आले ते चिडूनच.

"बैलाच्या खुरात काच घुसली जी. द्याचंच तं वेचून द्या. काच कायले देता?"

हे वकीलसाहेबांनी मनावर घेतलं. नाल्यात कचरा टाकणं बंद केलं. गावाबाहेर खड्डे खणले. त्यांत कचऱ्याचा थर, शेणाचा थर, वरून माती. काच आणि पत्रा झाडूवाले आधीच वेचून भंगारवाल्याला देऊ लागले आणि त्याचे पैसे त्यांनाच मिळत. कापूस घालून रिकाम्या जाणाऱ्या बंड्या कुजलेलं खत भरून परत जाऊ लागल्या.

माझं काय झालं? शेठनी दुसरा इंजिनिअर शोधला. अकोल्याकडून एक गृहस्थ आले. त्यांनी अंगणातला कापूस पाहिला, वाळवलेल्या पत्रावळींचा ढीग पाहिला, हुसेनखाँकडून हकिकत ऐकली, जेवले आणि परत गेले. मग शेठनी मला निरोप धाडला.

मी गेलो. बसलो नाही. "भट्टीत काय जाळायचं ते मी ठरवीन," म्हणालो.

शेठनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "लाकडं आली आहेत," एवढंच बोलले.

बाभळीवर निम्मेच जिन चालले. म्हणजे निम्म्याच बायांना काम. गंगूबाईला मिळालं, पण हंगाम संपेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. तिच्या बहिणीला मिळालं नव्हतं. शेठ माझ्याशी कामापुरतं बोलत. हंगामानंतर मी तारेच्या जाळीची आठवण करून दिली, पण तोवर कोणाला त्यात रस उरला नव्हता. पुढे एक मोठे साहेब दौऱ्यावर आले, त्यांनी खड्डे पाहिले आणि वकीलसाहेबांचा सत्कार झाला. माझं नाव निघालं नाही. मीही टाळ्या वाजवल्या नाहीत.

अजून कोणी ना कोणी मला विचारतं, कचरा जाळून वीज का करत नाहीत? करा की. माझी हरकत कधीच जाळण्याला नव्हती. आधी कचरा हातात घेऊन त्यात काय आहे ते बघा. मग बाहेर जाऊन धुराड्याच्या खाली कोण उभं आहे ते बघा. आणि एवढं बघायला ज्याला वेळ नाही, त्याची ऑर्डर घेऊ नका.