लाटांना आडवं उभं राहिलेलं जहाज

"ताई, जहाजवाल्यावर केसच टाकाची," म्हणत सुधाकर हटवारांनी मोबाइल माझ्यापुढे सरकवला. फोटोत त्यांचा गियर होता, साखर कारखान्यात लागतो तसा, माणसाच्या उंचीचा. एका बाजूचे दात साफ गेले होते.

हटवारांचं इथे भिलाईतच, खुर्सीपारला वर्कशॉप आहे. ही त्यांची पहिलीच एक्सपोर्ट ऑर्डर. माल आफ्रिकेतल्या बंदरात उतरेपर्यंत जोखीम त्यांची, असा सौदा होता. आणि विमा काढला होता फक्त विशाखापट्टणम बंदरापर्यंत! मी कपाळावर हात मारला. पण त्यांचे वडील रेल्वेत गार्ड, बालपण चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत. माल बुक झाला की पुढची जबाबदारी रेल्वेची, हे अंगात भिनलेलं. जहाजालाही तोच न्याय लावून मोकळे झाले. आता भरपाई मिळाली नाही, तर दुसरा गियर पदरमोड करून बनवायचा आणि नव्या मशीनचा बेत सोडून द्यायचा.

मी मरीन क्लेम्स बघते, म्हणजे जहाजातून जाणाऱ्या मालाच्या भरपाईचे दावे. भिलाईत बसून समुद्राचे तंटे सोडवते म्हटलं की लोक हसतात. काम तसं सरळ आहे. जहाज कंपनी माल घेताना बिल ऑफ लेडिंग देते, म्हणजे पावती आणि करार एकातच. धड माल घेतला आणि तुटका दिला, तर का तुटला ते कंपनीने सांगायचं. अनेक देशांनी मिळून ठरवलेले नियम आहेत. जहाज प्रवासाला लायक हवं, माल नीट रचलेला, बांधलेला हवा. कंपनी कधी सुटते, तेही त्याच नियमांत आहे. म्हणून मी आधी माल चढवतानाच्या फोटोंवरून लॅशिंग तपासलं, म्हणजे माल बांधलेल्या साखळ्या. त्या ढिल्या निघाल्या असत्या तर कंपनीची मान आमच्या हातात होती. पण बांधणी चोख निघाली.

मग कॅप्टनचा रिपोर्ट आला.

भर वादळात मासेमारीची एक बोट उलटली होती. माणसं तिला धरून लोंबकळत होती. कॅप्टनने रस्ता सोडून जहाज तिकडे वळवलं आणि मुद्दाम लाटांना आडवं उभं केलं. एवढं अजस्र जहाज, त्याची भिंत केली, का तर आडोशाला जरा शांत पाणी मिळावं आणि माणसांना वर ओढता यावं. जहाज इतकं कललं की धडधाकट साखळ्याही तुटल्या आणि गियर सुटून आपटला. इतकी वर्षं मी तुटका मालच बघत आले होते. माणूस असंही वागतो, हे कागदावर पहिल्यांदाच दिसलं.

नियम स्पष्ट होता. जीव वाचवायला जहाज वळलं, तर त्यापायी झालेल्या नुकसानीला कंपनी जबाबदार नाही.

दुसऱ्या दिवशी हटवार वडिलांना घेऊन आले. मी सगळं सांगितलं.

"म्हंजे माणसं त्याइनं वाचवली, आन् भुर्दंड मले?"

"हो."

"असा कसा कायदा हाय हा?"

"कायद्याचं सोड," वडील म्हणाले. "ताई, सारे निंगाले का पान्यातून?"

"सगळे, काका."

"मंग?" ते मुलाकडे वळले. "अ‍ॅक्सिडेंटचा हूटर वाजला का आमी रिलीफ ट्रेनसाठी साऱ्या गाड्या उभ्या करत होतो. कोनी पुसलं का, माह्या मालाचं काय?"

"बाबूजी, त्या गाडीत तुमचा गियर नोता!"

रिपोर्टसोबत एक फोटो होता, डेकवर ब्लँकेटं गुंडाळून बसलेल्या माणसांचा. हटवारांनी तो उचलला आणि बराच वेळ बघत राहिले.

"कंपनीला काय लिहू?" मी विचारलं.

"लिवा, केस नाही." मग जरा थांबून म्हणाले, "आन् कॅप्टनले पुसा, हे लोक घरी पोचले का?"

मशीनचा बेत त्या वर्षी बारगळला. दुसरा गियर गेला, तो मात्र पलीकडच्या बंदरापर्यंतचा विमा काढूनच. माझा सल्ला तेव्हापासून एकच आहे. समुद्रात आधी माणूस, मग माल. तेव्हा विमा काढताना कॅप्टन भला माणूस असणार, हे धरूनच चालावं.