शेवटच्या कडव्यातलं नाव

अनिकेत गेल्याचं मला खालापूरच्या आमच्या कचेरीत कळलं, जेवणाच्या सुट्टीत. समोरच्या टेबलावरच्या बाईंनी मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "अहो, हे तुमच्या चौक गावचे ना? मालिकेतले... ते गाणारे?" फोटो त्याचाच होता. दौऱ्यावर असताना छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. माझ्या हातात भाकरीचा तुकडा तसाच राहिला. खरं सांगते, मला रडू आलं नाही. पहिली मनात आली ती आमची वही. आता ती कुणाकडे मागू? माणूस मेल्यावर हे सुचावं याची मला लाज वाटली, पण सुचलं ते सुचलं.

तुमच्या पेपराच्या या पुरवणीसाठी फोन आला, "तुम्ही त्यांना लहानपणापासून ओळखता, चार चांगल्या आठवणी लिहा." चार चांगल्या लिहिते. पण पाचवीही लिहिणार आहे, ती कापू नका.

माझ्यासाठी तो अंकुश. अनिकेत हे नाव त्याने मालिकेत गेल्यावर घेतलं. त्याचं घर आमच्या भिंतीला लागून. बाप लवकर गेला, आई खडी फोडायला जायची, त्यामुळे पोरगं दिवसभर आमच्याकडेच. माझे वडील धर्मा, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, हायवेच्या कडेला एका गॅरेजात पत्र्याचं काम करायचे. चेपलेलं मडगार्ड ठोकून सरळ करता करता गाणी जुळवायचे. हातोडीच्या ठोक्यावर शब्द बसला तर ठेवायचा, नाही बसला तर काढून टाकायचा, एवढाच त्यांचा नियम. ती गाणी आमच्या वस्तीत जयंतीला, नामकरणाला, विहारासमोर गायली जायची. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं ही आमच्याकडची रीत. अण्णांना लिहितावाचता येत नव्हतं, कागदावर अंगठा उठवायचे. पण गाण्यात "सांगे धर्मा" आलं की छाती पुढे काढून म्हणायचे, "ही बघ माजी सही!"

लिहून घ्यायला अंकुश असायचा. मी तेव्हा लहान, मला जोडाक्षरं यायची नाहीत. शाळा सुटली की तो गॅरेजात जाऊन टायरवर बसायचा, मांडीवर शंभर पानी वही. अण्णा ठोकत ठोकत सांगायचे, तो लिहायचा, आणि मग वाचून नाही, गाऊन दाखवायचा. काय आवाज होता! ट्रकवाले इंजिन बंद करून ऐकायचे. अण्णा म्हणायचे, "पोरा, शब्द माजे हायेत पर गळा तुजा हाय." आमच्या ताटात जेवला, आमच्या अंथरुणात झोपला. पुढे पहिल्या कमाईतून त्याने मला निळी साडी आणली. ती अजून आहे माझ्याकडे. म्हणजे बघा, वाईट माणूस नव्हता तो... वाईट असता तर बरं झालं असतं, एवढं लागलं तरी नसतं.

मी अकरावीला कर्जतच्या कॉलेजात जायला निघाले तेव्हा आमच्या वस्तीतून जाणारी पहिली मुलगी होते. शेजारपाजारचे नाही नाही ते बोलत होते. अण्णांनी कुणाला उत्तर दिलं नाही, गाणं केलं. अंकुश तोवर मोठा झाला होता, तरी वहीत ते त्यानेच उतरवलं. त्याचा शेवट असा: "सांगे धर्मा, शिक गं पोरी, मागं बघू नको." 'धर्मा'वर हातोडीचे दोन ठोके. ते गाणं माझं होतं. दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहेच. तो मुंबईला गेला, नाटकात छोटी कामं केली, मग रोजच्या मालिकेत धाकट्या दिराची भूमिका मिळाली. आमची वस्ती त्या वेळेला चूल सोडून टीव्हीपुढे बसायची. चार वर्षांनी मालिका बंद पडली आणि काम मिळेना. तेव्हा कुठल्याशा वाहिनीने नटांची गाण्याची स्पर्धा काढली. एका रविवारी तो आमच्याकडे आला, माझ्या हातचं सुक्या बोंबलाचं कालवण चाटूनपुसून खाल्लं आणि म्हणाला, "सुमे, वही दे गं. अण्णांचं नाव महाराष्ट्रभर करतो का नाय बघ." मी वही काढून दिली. वर पिशवीत घालून दिली, भिजू नये म्हणून.

कार्यक्रम लागला तेव्हा अण्णा खाटेवर, मी खाली. सूत्रसंचालकाने विचारलं, हे गाणं कसं सुचलं? अंकुश डोळे पुसत म्हणाला, "माझ्या मुलीसाठी लिहिलं." आणि गायला. सुरेख गायला, ते मी नाकारणार नाही. अण्णांची बोटं खाटेच्या कडेवर ताल धरून चालली होती. शेवटचं कडवं आलं... "सांगे अनिकेत." दोन ठोक्यांत ते नाव मावेना, त्याने घाईघाईत कोंबलं. अण्णांची बोटं थांबली. टीव्हीत लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. अण्णा एवढंच म्हणाले, "ताल चुकला त्याचा."

त्या एका गाण्यावर त्याचं नशीब फिरलं. स्वतःचा रंगमंचीय कार्यक्रम काढला, डझनभर वादक, गावोगाव प्रयोग. कर्जतला प्रयोग होता तेव्हा मी सरळ मेकअपच्या खोलीत घुसले.

"अंकुश, नाव कुणाचं घेतलंस रं?"

तो आरशातूनच बोलला, मागे वळला नाही. "अगं सुमे, धर्मा कोण हे लोकांना काय माहीत? माझं नाव जरा मोठं होऊ दे, मग मीच स्टेजवर सांगीन."

"अण्णा किती दिवस थांबतील?"

"थांबतील गं. अण्णा मला ओळखतात."

घरी येऊन मी म्हटलं, पेपरात देते सगळं. अण्णांनी हात धरला. "नको गं पोरी. आपलं पोरगं हाय." आणि मी गप्प बसले. त्यांचं ऐकलं याचा आज मला स्वतःचाच राग येतो. पुढच्या वर्षी अण्णा गेले. अंकुश मोठा हार घेऊन आला, ढसाढसा रडला, मला मिठी मारली. तेव्हाही नाव सांगितलं नाही. त्यानंतर बारा वर्षं प्रयोग चालले आणि दर प्रयोगाला त्याने माझ्या बापाला त्या कडव्यातून बाहेर काढलं. अहो, परक्याने केलं असतं तर मी भांडले असते. याच्याशी कसं भांडायचं?

तो गेल्यावर आमच्या चौकच्या समाजमंदिरात शोकसभा झाली. त्याची बायको मुंबईहून आली होती, बिचारीला काहीच ठाऊक नाही. पिशवीतून वही काढून माझ्या हातात देत म्हणाली, "ताई, यांची शाळेतली गाणी. अक्षर बघा किती सुंदर! आठवण म्हणून तुम्ही ठेवा." मी पानं उलटली. माझ्या गाण्यात 'धर्मा'च्या खाली बारीक पेन्सिलीने 'अनिकेत' लिहिलं होतं, वर तीन छोट्या खुणा... कसं बसवायचं त्याचा सराव केला होता.

मग मला गायला सांगितलं. मी तेच गाणं घेतलं. लोक टाळ्यांवर ताल धरत होते. शेवटचं कडवं आलं आणि मी जीव एकवटून म्हटलं, "सांगे धर्मा..." पण माझा आवाज त्या गलक्यात बुडून गेला. सगळं समाजमंदिर, आमचीच वस्ती, एका सुरात म्हणत होती, "सांगे अनिकेत." खाली उतरले तर अगदी पुढे बसलेल्या एका म्हातारीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "शेवटी जरा चुकलीस गं बाय. दुःखात व्हतं असं."

घरी येऊन मी खोडरबर घेतलं आणि पेन्सिलीतलं नाव पुसून टाकलं. कागद थोडा फाटला. वर शाईतलं 'धर्मा' तसंच आहे, गोल, टपोरं, अंकुशच्या त्याच शाळकरी वळणाच्या अक्षरातलं. ही वही जाळावी असं कितीदा मनात येतं. पण बाकी कागदांवर अण्णांचा मागे राहिला तो नुसता अंगठा, आणि त्यांचं नाव गाण्यात लिहिलेलं मला फक्त इथेच सापडतं. ते वाचायचं तर मला त्याच्याच अक्षरात वाचावं लागतं.