कागदी माप

चिनी पंचांगाच्या सहाव्या महिन्यातल्या सहाव्या दिवशी घरोघरच्या वंशावळी उन्हात ठेवतात, कसर लागू नये म्हणून. लो गुइशान मात्र अंगणभर बिस्किटांचे डबे उघडून बसायचा. जुनी रेशनची कुपनं, लग्नाचे फोटो, परगावी गेलेल्यांची पत्रं. कुणाला आपल्या आजोबांचा चेहरा आठवेनासा झाला की तो गुइशानकडे यायचा, आणि हा गडी नेमका डबा काढून द्यायचा. बाहेर मात्र एक चिटोरासुद्धा नेऊ द्यायचा नाही.

आज त्याला घरचाच कागद सापडेना. थोरली बहीण हेश्यांग पाच वर्षांची असताना डोंगरापलीकडच्या एका घरी भावी सून म्हणून देऊन टाकली होती. लो कुळाची नवी वंशावळ उद्या छापायला जाणार होती आणि या खेपेस मुलींचीही नावं घ्यायची ठरली होती. पुढची खेप तीस वर्षांनी. हेश्यांग आताच एक्याऐंशीची. नावं लिहिणारा चुलतभाऊ फूआन हटून बसला होता, मुलगी देतानाचा करारनामा दाखवा, नाहीतर उद्या कुणीही उठून लो म्हणवून घेईल.

दुपारपर्यंत गुइशानने प्रत्येक डबा तीनदा उलथापालथा केला. वर ढग जमायला लागले. हेश्यांग सकाळपासून ओट्यावर वाट पाहत बसली होती आणि तेच त्याला जास्त लागत होतं. चिडून त्याने आईचं जुनं पंचांग झटकलं. त्यातून बुटाच्या तळाचं कागदी माप पडलं. आई घरीच कापडी बूट शिवायची, त्यासाठी जुन्या कागदांची अशी मापं तिने ढिगाने कापून ठेवली होती. तुटक अक्षरांचा कचरा, म्हणून गेल्या थंडीत त्याने त्यांवर चूल पेटवली होती. हेही तो भिरकावणार, तोच हेश्यांगने त्याचा हात धरला.

मापावर शाईत लिहिलं होतं, 'मुलगी हेश्यांग, वय पाच'. पुढचं कात्रीने नेलं होतं. आईला वाचता येत नव्हतं. तिने करारनामाच कापला होता.

"दर नव्या वर्षाला बूट पाठवायची," हेश्यांग म्हणाली. "दर वर्षी एवढेच. मी वाढतेय हे हिला कळत नाही का, म्हणून मी रागाने फेकून द्यायचे. सासरच्यांनी भेटू कुठे दिलं? तिच्याकडे दुसरं मापच नव्हतं रे."

गुइशानने वही घेऊन आलेल्या फूआनपुढे ते माप धरलं.

फूआनने कागद डोळ्यांजवळ धरला. "दादा, अर्धाच आहे हा. बापाचं नाव कुठंय?"

"माझ्या चुलीत. मीच जाळलं. ताईचं नाव लिही, नाहीतर माझंही खोड. मग बघू, आजोबांचे चेहरे कुणाला विचारता ते."

फूआनने पुटपुटत का होईना, लिहिलं. हेश्यांगने वहीत डोकावूनही पाहिलं नाही.

"हे मी नेऊ?" तिने विचारलं.

सवयीने 'नाही' गुइशानच्या ओठांवर आलं होतं. थेंब पडायला लागले तशी अंगणात कागद गोळा करायची धांदल उडाली, पण तो जागचा हलला नाही. त्याने ते माप तिच्या हातावर ठेवलं. तिने दुसऱ्या हाताने ते झाकलं. ते बरोबर तिच्या पंजाएवढंच होतं.