मिठाची रेघ

तो राज्याकडून हुतुतू खेळू लागल्यावर त्याला शोधून काढणारे पनवेलात निदान पन्नास निघाले. त्यांत मीही होतो, आणि छाती माझीच जास्त फुगलेली असे. खरं काय झालं ते आज सांगून टाकतो.

मी तेव्हा आमच्या संघाचा कप्तान. खेळ बेताचा, ऐट भरपूर. एक गडी आजारी पडला म्हणून मिठागरात काम करणारा एक काटकुळा तरुण आम्ही संघात घेतला होता. जिल्ह्याच्या संघासाठी आमच्यातला एक जण निवडायला पाहुणे येणार होते. तो एक म्हणजे मीच, असं मी घरी सांगून बसलो होतो. पेढे कोणाकोणाकडे पाठवायचे हेही आईनं ठरवलं होतं.

सामन्याच्या दिवशी नेमकी रेघा आखायची फक्की संपली. पनवेलात फक्की संपेल, मीठ कसं संपेल? मी हुकूम सोडला आणि मैदानावर मिठाच्या रेघा पडल्या. झालं, हा गडी रेघेवर पाय ठेवीना. बगळ्यासारखा उचलून पलीकडे टाकी. सगळे फिदीफिदी हसले. मी झापलं, तर शांतपणे म्हणाला, "कामाला मिठात उतरतो ते येगलं. खेलासाठी नाय पाय ठेवनार."

शेवटच्या चढाईत तिघांनी त्याला मधल्या रेघेजवळच धरलं. रेघेवर नुसता पाय टेकला असता, तर तिघेही बाद होऊन सामना आमचा होता. टेक, टेक म्हणून आम्ही घसा फोडत होतो. त्यानं पाय टेकला नाही. दम न सोडता तिघांना फरफटत ओढलं आणि अंग झोकून रेघ ओलांडून आमच्यात येऊन पडला. पाहुणे खुर्च्यांवरून उठले.

त्यांतले एक वही-पेन्सिल घेऊन माझ्याकडे आले. मी कॉलर नीट केली. त्यांनी त्या मुलाचं नाव विचारलं. मला ते येत नव्हतं. आम्ही त्याला "ए मीठ" म्हणूनच हाका मारायचो.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्याकडे गेलो, नाव विचारलं. तो गुडघ्याची माती झटकत होता.

"दोन महिने झाले, कप्तान. आज इचारता?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. त्यानं नाव सांगितलं, आणि विसरू नये म्हणून मी ते पुटपुटत पाहुण्यांपर्यंत गेलो.